यादीत नाव नसलेली माणसं

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला सांगितलं, "तुम्ही वाचन करता, तर वाचनातलं काहीतरी बोला. पण आटोपशीर बोला, मागून भोजनदान आहे." आम्ही काही प्राध्यापक नाही. दहावीला गणितात आपटलो आणि १९८८ साली गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढचं शिक्षण झालं ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी शेजारी ठेवून, आणि अडलं की मुलीला विचारून. तेव्हा काही चुकलं-माकलं तर पोटात घाला. विषय जरा अवघड आहे, आणि काही मंडळींना तो विहारात बोलण्यासारखा वाटणार नाही. तरीही पूर्ण ऐकून घ्यावं आणि मग काय ते बोलावं, एवढी विनंती.

जगात असे देश आहेत जिथं वर्षानुवर्षं युद्ध चाललं, हुकूमशाही चालली, सरकारनंच माणसं मारली. एक दिवस ते संपतं. मग प्रश्न येतो, आता पुढं काय? मारणारे आणि मार खाणारे एकाच गावात राहणार. अशा वेळी चार गोष्टी करतात. गुन्हेगारांवर खटले चालवतात. खरं काय घडलं ते आयोग नेमून लिहून काढतात. ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई देतात. आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून कायदे बदलतात. याला पंडित लोक 'संक्रमणकालीन न्याय' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. अन्यायाकडून न्यायाकडं जाताना मधला जो पूल बांधायचा, तो हा.

आता हा पूल बांधताना पहिलं काम कोणतं? यादी करणं. कोणाकोणावर अन्याय झाला, त्यांची नावं लिहिणं. ज्याचं नाव यादीत, त्याला न्याय. ज्याचं नाव नाही, तो पुलाच्या अलीकडंच राहिला.

यादी म्हणजे काय हे गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आमची पहिली गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ज्यांचं नाव कायम मस्टरवर होतं त्यांचा हिशेब झाला. बदलीवाला वर्षानुवर्षं सकाळी गेटवर उभा राहायचा, जॉबरनं बोलावलं की आत जायचा, कायमवाल्याएवढंच सूत त्याच्या छातीत जायचं. पण वर्षाचे २४० दिवस भरल्याची नोंद नाही म्हणून त्याच्या हातात काही नाही. सगळे बदलीवाले ऑफिसच्या खिडकीशी गेले तर आतला माणूस म्हणाला, "यादीत नाव नाही." बस्स, तीन शब्द. तेव्हापासून कोणतीही यादी दिसली की आम्ही आधी हे बघतो, यातून सुटलं कोण?

आज ज्या सुटलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे, ती म्हणजे समलिंगी माणसं आणि तृतीयपंथी माणसं. पुरुषावर जीव असलेला पुरुष, बाईवर जीव असलेली बाई, पुरुषाच्या देहात जन्माला आलेली बाई, बाईच्या देहात जन्माला आलेला पुरुष. आपण त्यांना जी नावं ठेवतो ती आम्ही इथं घेणार नाही. ती सगळ्यांना पाठ आहेत, आम्हालाही होती.

पहिलं उदाहरण जर्मनीचं घेऊ. हिटलरनं साठ लाख ज्यू मारले हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या छळछावण्यांत आणखी एक खूण होती, गुलाबी त्रिकोण. ज्यू माणसाच्या कपड्यावर पिवळी खूण, राजकीय कैद्याच्या लाल, तशी समलिंगी पुरुषाच्या छातीवर गुलाबी. तिथं कायद्याचं एक कलम होतं, १७५. ते १८७१ पासूनचं जुनंच होतं, १९३५ साली नाझींनी ते फार कडक केलं. पोलिसांकडं अशा माणसांच्या याद्या तयार होत्या, त्यांना 'गुलाबी याद्या' म्हणत. नाझी राजवटीत सुमारे ५०,००० पुरुषांना या कलमाखाली शिक्षा झाल्या. अभ्यासकांच्या अंदाजानं ५,००० ते १५,००० जण छावण्यांत गेले, आणि त्यातले बरेच जण जिवंत परतले नाहीत.

१९४५ साली हिटलर पडला. छावण्यांची दारं उघडली. न्यूरेंबर्गला जगप्रसिद्ध खटला चालला. पण गुलाबी त्रिकोणवाल्यांच्या छळासाठी म्हणून तिथं कोणावर आरोप ठेवला गेला नाही. उलट त्यांच्यातल्या काहींना छावणीतून काढलं आणि उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवलं! का, तर कलम १७५ अजून कायद्यात होतं. पश्चिम जर्मनीनं नाझींनी कडक केलेलं ते कलम जसंच्या तसं १९६९ पर्यंत चालू ठेवलं, आणि त्या काळात पुन्हा सुमारे ५०,००० माणसांना शिक्षा केल्या. १९५७ साली तिथल्या घटना न्यायालयानंही ते कलम योग्य ठरवलं. नाझींच्या बळींना भरपाई द्यायचा कायदा १९५६ साली झाला. वंश, धर्म, राजकीय मत यांसाठी छळ झालेल्यांना भरपाई. गुलाबी त्रिकोणाला नाही. यादीत नाव नाही.

ते कलम पूर्ण गेलं १९९४ साली. नाझी काळातल्या त्या शिक्षा रद्द झाल्या २००२ साली. आणि युद्धानंतर दिलेल्या शिक्षा रद्द झाल्या २०१७ साली. तेव्हा प्रत्येक शिक्षेमागं ३,००० युरो आणि तुरुंगातल्या दर वर्षामागं १,५०० युरो अशी भरपाई ठरली. पण घ्यायला किती जण उरले होते? बंधूंनो, १९४५ ते २०१७ म्हणजे बहात्तर वर्षं. माणसाचा अख्खा जन्म.

यात बायांचं तर आणखी वेगळं. कलम १७५ फक्त पुरुषांना लागू होतं. म्हणून समलिंगी बायांना पकडलं ते दुसऱ्याच कारणांखाली. कागदावर कारण दुसरं, म्हणून बळींच्या यादीतही त्या दिसेनात. बायांच्या रॅव्हेन्सब्रुक छावणीच्या जागी त्यांची आठवण म्हणून एक खूण बसली, ती २०२२ साली. यादीतून सुटलेल्यांमध्येही बाई अजून मागं सुटते, हे आमच्या भगिनींना वेगळं सांगायला नको.

आता दक्षिण आफ्रिकेकडं येऊ. तिथला वर्णद्वेष आपल्याला समजतो, कारण वेगळं पाणी आणि वेगळी वस्ती काय असते हे आपल्या आजा-पणज्यांनी भोगलं आहे. तिथं सोवेटोचा एक तरुण होता, सायमन न्कोली. काळा, वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा, आणि समलिंगी. १९८४ साली त्याला पकडलं. पुढं डेलमास इथं बावीस जणांवर देशद्रोहाचा खटला चालला. गुन्हा सिद्ध झाला असता तर फाशी होती. तुरुंगात सायमननं सोबत्यांना स्वतःबद्दल खरं सांगून टाकलं. तेव्हा ते सोबती, तेही मोठे लढवय्ये, गडबडले. काहींना वाटलं याच्यामुळं आपला खटला बिघडेल, चळवळ बदनाम होईल, याला वेगळा काढा. हे बोलणं आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही? "आत्ता नको, चळवळीचं नाव खराब होईल." भांडण झालं, चर्चा झाली, आणि शेवटी सायमन त्यांच्यातच राहिला. १९८८ साली तो निर्दोष सुटला. १९९० साली जोहान्सबर्गमध्ये समलिंगी माणसांचा पहिला मोर्चा निघाला, त्यात तो पुढं होता. त्याचं म्हणणं साधं होतं. मी काळा आहे आणि समलिंगीही आहे, मला दोन तुकड्यांत कापता येणार नाही.

त्याच्याबरोबर तुरुंगात असलेले काही जण पुढं नव्या दक्षिण आफ्रिकेचे नेते झाले. राज्यघटना लिहायची वेळ आली तेव्हा, आपल्या शेजारच्या गजाआड बसून ज्यानं लढा दिला त्याला हक्क नाकारायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढं होता. १९९६ च्या घटनेत लैंगिक ओढीवरून भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. जगात असं लिहिणारी ती पहिली घटना. सायमन १९९८ साली एड्सनं गेला, वय एक्केचाळीस.

त्याच देशात बिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. सुमारे २१,००० पीडितांच्या जबान्या घेतल्या. फार मोठं काम झालं, त्याला आमचा सलाम. पण त्यातही भोक राहिलं. वर्णद्वेषी सरकारच्या लष्करात सक्तीनं भरती केलेल्या समलिंगी तरुणांना 'बरं' करायचं म्हणून विजेचे झटके देत होते. हा विषय १९९७ साली आयोगाच्या वैद्यकीय क्षेत्रावरच्या सुनावणीत मांडला गेला. पण स्वतः पुढं येऊन सांगणार कोण? सांगायचं म्हणजे आईबापांपुढं, गावापुढं, वर्तमानपत्रापुढं उघडं व्हायचं. आणि २००३ साली सरकारनं ३०,००० रँडची भरपाई दिली ती आयोगाच्या यादीत नाव असलेल्यांनाच. लाजेनं किंवा भीतीनं जो तेव्हा बोलला नाही, त्याच्यासाठी खिडकी बंद झाली होती.

आता एक कडू गोष्ट. ती आम्हा चळवळवाल्यांनी ऐकावी अशी आहे. पेरू देशात तारापोतो नावाचं गाव आहे. ३१ मे १९८९ ला तिथल्या एका बारमध्ये बंदूकधारी शिरले आणि आठ समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. कोणी? सरकारी पोलिसांनी नाही. गरिबांसाठी लढतो म्हणणाऱ्या, क्रांतिकारक म्हणवणाऱ्या तुपाक अमारू संघटनेनं. आणि नंतर ते काम आपण केलं असं आपल्या पत्रकात अभिमानानं छापलं. समाज स्वच्छ करतो म्हणे! २००३ साली पेरूच्या सत्य आयोगानं आपल्या अहवालात हे हत्याकांड नोंदवलं, म्हणून आज आम्ही ते तुम्हाला सांगू शकतो. नोंद झाली नसती तर आठ माणसं मेली हेही कोणाला कळलं नसतं. लढणारा माणूस सगळ्याच बाबतीत न्यायी असतो असं नाही, हे त्यातून शिकायचं.

शेवटचं उदाहरण कोलंबियाचं. पन्नास वर्षांहून अधिक काळ तिथं सरकार, गनिमी बंडखोर आणि जमीनदारांच्या खाजगी टोळ्या एकमेकांशी लढत होत्या. त्यात खेड्याखेड्यांत पत्रकं वाटली जायची. गावातले चोर, गर्दुल्ले, वेश्या, समलिंगी, यांनी अमुक दिवसांत गाव सोडावं, नाहीतर मरावं. खाली नावं. पाहा मायबापहो, मारणाऱ्यांच्या यादीत यांचं नाव बिनचूक असतं. जर्मनीतही होतं, इथंही होतं. नाव सुटतं ते फक्त न्यायाच्या यादीतून.

पण कोलंबियात एक नवी गोष्ट घडली. हवानाला शांततेच्या वाटाघाटी चालू होत्या, तिथं २०१४ साली एक वेगळी उपसमिती नेमली, बायांचे आणि समलिंगी-तृतीयपंथी माणसांचे प्रश्न करारात यावेत म्हणून. त्यांच्या संघटनांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. हे लोक न्यायाच्या टेबलाशी पहिल्यांदा बसले ते भीक मागायला नाही, मसुदा बघायला. मग २ ऑक्टोबर २०१६ ला करारावर जनतेचं मत घेतलं. विरोधकांनी प्रचार केला की हा करार कुटुंबं मोडायला निघाला आहे. अगदी निसटत्या मतांनी करार पडला. पडण्याची कारणं बरीच होती, पण हे त्यातलं एक. नोव्हेंबरमध्ये करार दुरुस्त करून सही झाली. काही शब्द बदलले, तरी या माणसांचा उल्लेख पूर्ण पुसता आला नाही. २०२२ साली तिथल्या सत्य आयोगाचा अहवाल आला, त्यात बायांवर आणि या माणसांवर झालेल्या अत्याचारांचा वेगळा खंड आहे. आणि २०२३ साली शांतता न्यायालयानं लैंगिक अत्याचारांचा, तसंच माणसाच्या लैंगिकतेच्या द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांचा स्वतंत्र खटला उघडला. तरीसुद्धा तिथल्या पीडितांच्या नोंदवहीत नव्वद लाखांहून जास्त नावं आहेत, आणि आपण समलिंगी किंवा तृतीयपंथी आहोत असं सांगून नोंद केलेले फक्त काही हजार. फॉर्मवर रकाना ठेवला म्हणून माणूस लिहील असं नाही. फॉर्म भरून घेणारा कसा बघतो, त्यावर ते आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं? तर आपल्याकडंही इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत कलम ३७७ घातलं आणि इंग्रज गेल्यावरही ते राहिलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढ माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं. त्याच्याही आधी, २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं असाच निकाल दिला होता, तेव्हा न्यायमूर्तींनी आधार घेतला तो बाबासाहेबांच्या 'घटनात्मक नीती' या विचाराचा. लोकांची आवड-निवड एका बाजूला आणि घटनेची नीती एका बाजूला.

आणि एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी लैंगिक विषयांवर प्रश्न विचारले होते, त्यात समलिंगी संबंधांबद्दलही होते, आणि कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली होती. त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं? बाबासाहेबांनी. लोकांच्या मनात प्रश्न असेल तर त्याला ज्ञानानं उत्तर द्यायचं, तोंड दाबायचं नाही, असा त्यांचा पवित्रा होता. कर्व्यांना दंड झाला, खटला हरले. पण ज्या विषयाला सगळे नाक मुरडत होते, त्या विषयात बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. आम्ही मात्र त्यांचा फोटो भिंतीवर लावून त्याच विषयावर नाक मुरडत आलो.

'आम्ही' म्हणतो ते उगीच नाही. आता जे सांगतो ते आधीच सांगायला हवं होतं, पण तेवढं धैर्य आजपर्यंत झालं नाही.

हा विहार बांधला तेव्हा सिमेंटला पैसे नव्हते. सगळ्यांनी श्रमदान केलं. आमच्या साचेखात्यात एक बदलीवाला पोरगा होता, याच वस्तीतला. नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. पाळी सुटली की तो थेट इथं यायचा आणि डोक्यावरून विटा वाहायचा. पगारातले पैसे न मागता आणून द्यायचा. आणि त्याच्याबद्दल वस्तीत बोललं जायचं. चालतो कसा, बोलतो कसा, लग्न का करत नाही, दुसऱ्या खात्यातल्या अमक्याबरोबर कुठं दिसला. गिरणीत लोक हसायचे. आम्हीही हसायचो. एकदा तर आम्हीच सुरुवात केली होती.

विहार पूर्ण झाला. दात्यांची संगमरवरी पाटी करायची ठरली. अक्षर बरं म्हणून यादी लिहायचं काम आमच्याकडं आलं. आम्ही त्याचं नाव लिहिलं. दोन-तीन मंडळी म्हणाली, याचं नाव पाटीवर बरं दिसणार नाही, बाहेरचे लोक येतात. आम्ही हूं की चूं केलं नाही. पेन घेतलं आणि खोडलं. कोणी आमचा हात धरून खोडायला लावलं नाही.

पाटी बसली त्या दिवशी तो आला. वरपासून खालपर्यंत वाचली. मग आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, माझं राहिलं वाटतं."

आम्ही म्हणालो, "पाटी लहान पडली रे."

तो म्हणाला, "असू दे दादा. विटा तर आहेत."

पुढं गिरणी बंद पडली, तिथल्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. तो सुरतेकडं पॉवरलूमवर गेला आणि तिकडंच वारला. आम्हाला कळलं ते दोन महिन्यांनी. ऑफिसच्या खिडकीतला माणूस आम्हाला "यादीत नाव नाही" म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण त्या आधीच आम्ही इथं दुसऱ्याला तेच सांगून बसलो होतो.

म्हणून जर्मनीची बहात्तर वर्षं वाचली तेव्हा झोप आली नाही. जगातल्या कोर्टांवर आणि आयोगांवर टीका करायला आमचं काही जात नाही. पण इथली यादी आमच्या हातची आहे.

विहार समितीपुढं आमची एक विनंती आहे. त्या पाटीखाली एक ओळ लिहिण्याएवढी जागा आजही आहे, आम्ही मोजली आहे. त्याची बहीण दर पौर्णिमेला इथं येते, आजही आली असेल. तिला आधी विचारावं. तिची इच्छा असेल तर त्याचं नाव कोरावं, खर्च आम्ही करू. तिची इच्छा नसेल तर तोही तिचा हक्क आहे, म्हणूनच आज नाव घेतलं नाही. आणि समितीतल्या कोणाचा विरोध असेल तर त्यानं तो बैठकीत उघड बोलावा, आम्ही उत्तर देऊ. मागच्यासारखं कानात बोलून होऊ नये.

दुसरी गोष्ट मायबापांसाठी. तुमच्या घरात असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी असेल. असेलच, कारण ही माणसं सगळ्या जातीत, सगळ्या देशांत जन्माला येतात. तिनं किंवा त्यानं धीर करून काही सांगितलं तर हात उगारू नका, देवऋष्याकडं नेऊ नका, घाईनं लग्न लावून दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं करू नका. आधी ऐकून घ्या. कोलंबियाच्या फॉर्मवरचा रकाना रिकामा राहतो, तो घरातच कोणी ऐकून घेतलं नाही म्हणूनही राहत असेल.